शेरा : समाधानकारक

खुशाल भांडेकर यांना केंद्रप्रमुख होऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत केंद्रातल्या चौदा शाळांच्या शेरेबुकांत मिळून त्यांनी हजारभर तरी शेरे लिहिले असतील, पण शब्द मात्र एकच. ‘आज रोजी शाळेस भेट दिली. शालेय कामकाज समाधानकारक.’ खाली सही, सहीखाली दोन टिंबं आणि तारीख. तपासायला आलेल्या माणसाने शाळेबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून शेरेबुक नावाची ती वही प्रत्येक शाळेत ठेवलेली असते. भांडेकर सरांनी कुणाला चार ओळी कधी दिल्या नाहीत. दीड ओळीत काम भागत असेल तर माणूस चार कशाला लिहील?

हा शब्द त्यांना फार सोयीचा पडला होता. चांगलं म्हटलं की वरचे विचारणार, काय चांगलं दिसलं. वाईट म्हटलं की मास्तर लोकांची तोंडं फिरणार, संघटना येणार, सरपंचाचा फोन येणार. समाधानकारक म्हटलं की कुणीच काही विचारत नाही. नव्या मास्तरांनी तर त्यांचं नावच ‘समाधान साहेब’ पाडलं होतं. ते भांडेकर सरांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. निदान तसं ते स्वतःला सांगत.

केंद्रप्रमुख म्हणजे ना धड मास्तर ना धड साहेब. चामोर्शीकडच्या आपल्या गावाजवळ ते वीस वर्षं मास्तर होते, तेव्हा त्यांचा वर्ग होता, खडूची पेटी होती, नाक पुसत येणारी पोरं होती. आता चौदा शाळा होत्या आणि त्यातली एकही त्यांची नव्हती. त्यांची मोटारसायकल फाटकात शिरली की आतला गोंगाट बंद व्हायचा. मास्तर खुर्ची पुसून द्यायचे, पोरं हाताची घडी घालून बसायची. खिचडी त्यांना ऑफिसात, वेगळ्या ताटात, वर लोणच्याची फोड ठेवून यायची. एकदा ते हट्टाने व्हरांड्यात पोरांच्या पंगतीत जाऊन बसले. झालं काय, की दोन्हीकडच्या पोरांनी खाणंच थांबवलं. साहेब जेवून राह्यले म्हटल्यावर घास कसा घ्यायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी कसंबसं ताट संपवलं आणि पुन्हा तो प्रयोग केला नाही.

घरीही वेगळं काही नव्हतं. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्या, त्यातली एक बंदच. पोरगी पुनम चौथी पास झाली तेव्हा नवराबायकोने एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखून शाळांची तुलना केली होती. एका बाजूला आपली जिल्हा परिषदेची शाळा, जिथे सर स्वतः शिकवत होते, आणि दुसऱ्या बाजूला नागपूरची. सरांनी स्वतःच्या हाताने आपल्या शाळेला खालचा नंबर दिला. बायको पोरीला घेऊन नागपूरला गेली ती पोरीच्या शिक्षणापुरती, असं ठरलं होतं. पोरगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, पण बायको नागपूरला रमली ती रमलीच. तिचा त्यात काही दोष नव्हता. सर महिन्यातून दोनदा जायचे, पाहुण्यासारखे राहायचे, येताना डब्यात चिवडा घेऊन यायचे. शिक्षकदिनाला चौदा शाळांकडून मोबाईलवर चौदा शुभेच्छा यायच्या. चित्र सगळ्यांचं तेच.

त्यांच्या केंद्रातल्या चौदापैकी सहा शाळा आठवीपर्यंतच्या होत्या. या सहांत सगळ्यात मोठी जांभुळबोडीची. डांबरी रस्त्यावर, रंगीत भिंती, पोरांच्या गळ्यात टाय. सगळ्यात लहान मोहटोल्याची. जंगलाच्या कडेला तीन खोल्या, सहावी ते आठवी मिळून एकोणीस पोरं, खालच्या वर्गांत बारा आणि तिथल्या मुख्याध्यापिका कनीज मॅडम.

कनीज शेख या गडचांदूरच्या. वडील गुलाम रसूल यांचं तिथे शिलाईचं दुकान, सिमेंट कारखान्याच्या धुळीत उभं आयुष्य काढलेलं. ही पोरगी डी.एड. होऊन गडचिरोली जिल्ह्यात लागली आणि बाकीचे बदलीसाठी अर्जावर अर्ज करत असताना अकरा वर्षं मोहटोल्यात टिकली. पहिल्या वर्षी पोरांचं गोंडी तिला कळेना आणि तिचं मराठी पोरांना. तिने पाचवीतल्या पोरींना सांगितलं, तुम्ही मला शिकवा, मी तुम्हाला शिकवते. दोन वर्षांत दोन्ही बाजू पास झाल्या.

मोहटोल्याची गोष्ट सरांना कळली ती चार-पाच वर्षांपूर्वी, एका एप्रिलमध्ये. उन्हामुळे मार्चपासून शाळा सकाळची होते, सातला भरते. सर साडेसातला पोचले तर शाळेला कुलूप. सरांचं डोकं फिरलं. आजवर कधी नव्हे तो खरा शेरा लिहायचा, असं ठरवून ते झाडाखाली बसून राहिले. साडेनऊ वाजता जंगलातून आवाज आला. पुढे कनीज मॅडम, मागे सगळी शाळा, हातात टोपल्या आणि अंगाला मोहफुलांचा गोड वास. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर ढोरं आणि हरणं खाऊन टाकतात. ते तीन-चार आठवडे जंगलाकाठची पोरं सातला शाळेत येत नाहीत म्हणजे नाहीत. बाकीच्या शाळा सातला उघडतात, रिकाम्या बसतात आणि हजेरीपटावर सगळ्यांना हजर मांडतात. कनीज मॅडमने उलटं केलं होतं. पोरांबरोबर जंगलात जायचं, साडेनऊला सगळ्यांना घेऊन यायचं आणि एक-दीडपर्यंत शाळा घ्यायची.

त्या दिवशी सर मागच्या भिंतीला टेकून बसले. मॅडमने तराजू काढला. काल ओली पाच किलो होती, आज वाळून किती राहिली? शेकडा किती गेली? एक सातवीतली पोरगी उभी राहून फळ्यावर गणित करत होती आणि चुकली तेव्हा मागच्या बाकावरून तिला दुसऱ्या एका पोरीने अडवलं आणि त्यांचं रीतसर भांडण झालं. साहेब बसले आहेत हे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. सरांचे डोळे भरून आले. असा वर्ग त्यांनी केंद्रप्रमुख झाल्यापासून दुसरीकडे पाहिला नव्हता आणि खरं सांगायचं तर स्वतः घेतलाही नव्हता.

मग शेरेबुक पुढे आलं. खरं लिहावं तर शाळा अडीच तास उशिरा उघडते, हे लिहावं लागणार. म्हणजे मॅडमला नोटीस. सरांनी पेन उचललं आणि लिहिलं, ‘शालेय कामकाज समाधानकारक.’ त्यांच्या मते ती त्यांनी या शाळेवर धरलेली छत्री होती. पुढे दर एप्रिलला ते मुद्दाम दहानंतर जाऊ लागले, म्हणजे कुलूप दिसायलाच नको.

पुढच्या वर्षी गेले तर व्हरांड्याच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात, पोरांच्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं : ‘केंद्रप्रमुख साहेबांचा शेरा – समाधानकारक’. सरांना जरा ओशाळल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं. का लिहिलं, ते त्यांनी विचारलं नाही.

त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना फेब्रुवारीत वरून पत्र आलं. केंद्रातल्या आठवीपर्यंतच्या सगळ्या शाळांचा तुलनात्मक तक्ता सादर करावा. पटसंख्या, उपस्थिती, इमारत, संडास, आणि शेवटच्या रकान्यात मागच्या पाच वर्षांतले भेटीचे शेरे. जी शाळा सगळ्यात खाली राहील तिचे सहावी ते आठवीचे वर्ग बंद करून मुलं जवळच्या मोठ्या शाळेत टाकायची. मोहटोल्याला जवळची म्हणजे जांभुळबोडी. सात किलोमीटर, मध्ये नाला आणि जंगल, आणि मागच्या वर्षी याच वाटेवर वाघाने एका गुराख्याला नेलेलं. पोरं कदाचित जातील, पोरींना कोण पाठवणार?

सर शेरेबुकं समोर घेऊन बसले. एकेक शेरा तक्त्यात उतरवू लागले. जांभुळबोडी : समाधानकारक. तिथल्या आठवीतल्या निम्म्या पोरांना सरळ चार ओळी वाचता येत नाहीत, हे सरांनी स्वतः पाहिलं होतं. पण तिथल्या मुख्याध्यापकाची वर ओळख होती, म्हणून लिहिलं होतं समाधानकारक. तिसरी शाळा : समाधानकारक. चौथ्या शाळेतले मास्तर दर शनिवारी गायब असायचे, तीही समाधानकारक. मोहटोला : समाधानकारक. रकाना वरपासून खालपर्यंत एकाच शब्दाने भरला. इथे तो शब्द भीतीपोटी लिहिला होता, तिथे मायेपोटी, आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसत होते. सरांनी तक्ता जसा होता तसा पाठवला. तीन महिने राहिले होते, आता नवं काही कशाला काढायचं, असा विचार त्यांनी केला. हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं, म्हणून सांगतो.

तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी तक्ता पाहिला आणि हसून म्हणाले, सगळ्याच शाळा सारख्या आहेत म्हटल्यावर आता पटसंख्येवरच नंबर लावावे लागतील. लावले. मोहटोला सहावा आला. तक्ता त्याच संध्याकाळी केंद्राच्या ग्रुपवर पडला.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी कनीज मॅडम सरांच्या खोलीवर आल्या. इतक्या वर्षांत केंद्रातलं कुणी पहिल्यांदाच त्यांच्या दारात आलं होतं. सरांची धांदल उडाली. खुर्चीवरचे कपडे उचलले, चहाला दूध नव्हतं, काळा चहा केला. मॅडम पोरींबद्दल बोलल्या. सातवीत पाच पोरी आहेत, त्यातली करिष्मा गणितात अशी की पुढेमागे आपल्याला शिकवेल. तिच्या बापाने सांगून टाकलं आहे की जांभुळबोडीला पाठवणार नाही, सातवी झाली तेवढी पुरे. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. कप खाली ठेवून मोबाईलवरचा तो तक्ता उघडला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“सर, एक इचारते, राग नका मानू. आमच्या शाळेले तुमी जो शब्द लिवत होते, तो मले वाटे फक्त आमालेच लिवता. एप्रिलमंदी तुमी सारं पाह्यलं आन् तरी लिवलं, म्हनून. पोरायले म्या तेच सांगितलं होतं. भितीवर त्यायनं उगीच नाई लिवलं.”

सरांनी कप उचलून मोरीत नेऊन ठेवले. तुम्हाला वाचवायला लिहिलं होतं म्हणावं, तर जांभुळबोडीलाही तेच का लिहिलं? मॅडम उशीर होतो म्हणून निघाल्या. गाडीवर बसता बसता म्हणाल्या, “तुमी जे पाह्यलं ते लिवा ना सर. बस तेवढंच.”

आणि सरांनी लिहिलं. आयुष्यभर दीड ओळ लिहिणाऱ्या माणसाने दोन दिवस बसून हाताने चार पानं लिहिली. मोहटोल्याच्या शाळेतून सहा वर्षांत एकही पोरगी मधेच गळाली नाही. तिथली आठवी जांभुळबोडीच्या आठवीपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे आहे, पाहिजे तर दोन्ही वर्गांची परीक्षा घ्या. ही शाळा मोहाच्या दिवसांत सातला नव्हे, साडेनऊला भरते आणि म्हणूनच ती भरते. माझे मागचे सगळे शेरे निरुपयोगी समजावेत, मी ते न बघता किंवा बघूनही लिहिले आहेत. अशी चार पानं. लिहून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. कुणाला तरी वाचून दाखवावं म्हणून त्यांनी नागपूरला फोन लावला. बायको म्हणाली, आता जायच्या वेळी कशाला वाकड्यात शिरता, आणि जेवलात का ते विचारलं. तिनेही काळजीनेच विचारलं होतं.

ऑफिसला त्या चार पानांत एकच वाक्य सापडलं. शाळा साडेनऊला भरते, हे वाक्य. वर्ग बंद करण्याचा आदेश कायम राहिला, कारण निर्णय मागील शेऱ्यांवर झालेला आहे, नंतर केलेले खुलासे विचारात घेता येत नाहीत. आणि कनीज शेख यांना नोटीस निघाली. शाळा विहित वेळेत का उघडत नाही, याचा खुलासा सात दिवसांत करावा. सरांच्या खोट्या शेऱ्यांचं काय? तर साहेबांनी त्यांना बोलावून खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितलं की आपण निवृत्तीला आलेले आहात, त्यामुळे आपल्याबाबत काही कारवाई प्रस्तावित नाही. आपली आजवरची सेवा समाधानकारक आहे.

सरांना शिक्षा हवी होती. तेवढी तरी कुणी द्यायला पाहिजे होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते मोहटोल्याला शेवटच्या भेटीला गेले. या वेळी दहानंतर नाही, सातच्या आत. शाळा उघडी होती. पहिल्यांदा त्यांनी मोहटोल्याची शाळा एप्रिलमध्ये सातला उघडी पाहिली. फाटक उघडं, खोल्या झाडलेल्या, फळ्यावर तारीख आणि मॅडम खुर्चीवर हजेरी उघडून बसलेल्या. वर्गात तीन पोरं होती. तिघंही पहिली-दुसरीतली, जंगलात न्यायला फार लहान म्हणून घरच्यांनी इकडे पाठवलेली. सहावी-सातवी-आठवीचे बाक रिकामे. भिंतीवरची पांढरी अक्षरं तशीच होती, कुणी पुसली नव्हती.

सर म्हणाले, “मॅडम, माह्या लिवन्यानं तुमालेच नोटीस आली.”

“तुमी खरं लिवलं ना सर,” मॅडम म्हणाल्या. “खोट्यानं वर्ग गेले, खऱ्यानं नोटीस आली. आता म्या सातले उघडते. पोरं नाई येत, पन शाळा टायमावर हाय.” आणि त्यांनी शेरेबुक पुढे सरकवलं.

सरांनी वही उघडली. पाच वर्षांची पानं चाळली. तीच दीड ओळ, तीच दोन टिंबं. पेन काढून त्यांनी लिहायला घेतलं. ‘आज रोजी सकाळी सात वाजता शाळेस भेट दिली. शाळा वेळेवर उघडी. पटावर एकतीस, हजर तीन. मागील वर्षापर्यंत शाळा साडेनऊला उघडत असे व सर्व मुले हजर असत. मुख्याध्यापिकेचे काम उत्तम.’ इथे ते थांबले. मग खाली नवी ओळ घेऊन, सेवेत कधी न लिहिलेला शब्द त्यांनी लिहिला. ‘केंद्रप्रमुखाचे काम असमाधानकारक.’ सही केली, तारीख घातली. टिंबं द्यायची राहिली.

मॅडमने वही फिरवून वाचलं.

“हे आता कोन वाचन, सर?”

“तुमी वाचलं ना,” सर म्हणाले.

जायला हवं होतं, पण ते गेले नाहीत. त्यांना तो वर्ग एकदा बघायचा होता, ओल्या-वाळल्या फुलांचा. पोरं जंगलातून आल्यावर घरी न जाता कदाचित इकडे वळतील, या आशेवर ते झाडाखाली बसून राहिले. मॅडमने त्यांना चहा आणून दिला आणि आत जाऊन तीन पोरांना अक्षरं गिरवायला लावली.

साडेनऊच्या सुमाराला पोरं आली. पुढे करिष्मा, डोक्यावर टोपली, मागे दहा-बारा जण, मोठमोठ्याने बोलत. फाटकाशी आल्यावर तिला झाडाखालची मोटारसायकल दिसली आणि मग साहेब दिसले. बोलणं बंद झालं. तिने टोपली डोक्यावरून उतरवून पाठीमागे धरली. मॅडमला ज्या साहेबांमुळे नोटीस आली ते हेच, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीची पोरं तिच्या मागे सरकली. मॅडमने दारातून दोनदा हाक मारली, या रे आत, पण फाटकाच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही.

सरांना कळलं. त्यांनी रिकामा कप पायरीवर ठेवला, मॅडमला लांबूनच नमस्कार केला आणि गाडी ढकलत फाटकातून बाहेर काढली. पोरांनी बाजूला होऊन वाट दिली. करिष्माजवळून जाताना मोहाचा वास आला. तिला काहीतरी म्हणावं असं त्यांना फार वाटलं, पण साहेबाने बोलल्यावर पोरं काय करतात, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी गाडीला किक मारली. वळणापाशी पोचल्यावर त्यांनी आरशात पाहिलं. पोरं आत शिरत होती.